केसरबाईनं घेतलेलं नाव

कोरपन्याची केसरबाई माजी सैनिकांच्या कचेरीत तिसऱ्यांदा आली होती. एकाहत्तरच्या लढाईत पाय गमावलेल्या नवऱ्याची जखम पुन्हा चिघळली होती आणि लष्करी दवाखान्यासाठी इथलं पत्र लागत होतं.

"नवऱ्याचं नाव?"

तिनं कागद पुढं केला. नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नाही, अशी घरची रीत.

"लाजतेस काय? उखाणा घे!" कारकून म्हणाला, तशी कचेरी खिदळली.

केसरबाईच्या अंगाची लाही झाली.

"घेतो नाव, आयक! शिपाई गुलाब देवाजी मोहुर्ले! तुमी खुर्चीत बसून हासावं म्हणून पाय देऊन आले ते. बाहेर पायरीवर बसून हायेत. आता उखाणा तू घे, भाऊ, त्यायच्यासमोर!"

देवाच्या नावासारखं जपलेलं नाव यांच्यापुढं ओरडावं लागलं होतं. पत्रावर शिक्का बसेपर्यंत ती टेबलापासून हलली नाही.