तोंडपाठ

चष्मेवाल्याच्या दुकानात एखादं लहान मूल डोळे तपासायला आलं, की ते हमखास भोकाड पसरायचं. मग चष्मेवाला आपल्या लेकीला हाक मारायचा. तिचं खरं नाव शाळेपुरतं. एरवी ती भिंगरी. शाळा सुटली की तिचा मुक्काम दुकानातच. ती उंच स्टुलावर चढायची, एक डोळा तळहाताने झाकायची आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणायची. मग दुसरा डोळा. रडणारं मूल गप्प, आईबाप खूश, आणि चष्मेवाल्याची छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

"हिला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू या का?" बायकोने विचारलं होतं. "टीव्ही बघताना मान वाकडी करते."

"अगं, घरचं दुकान असताना?" तो हसला होता. "शेवटची ओळ वाचते पोरगी! सवय आहे, जाईल."

पुढे शाळेने सगळ्या मुलांची तपासणी करवली आणि भिंगरीला डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगितलं. चष्मेवाला गेला तो तोऱ्यातच, शाळेवाल्यांची चूक दाखवून द्यायला. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचा उजवा डोळा झाकला. त्यांच्या तक्त्यावर अक्षरं नव्हती, चित्रं होती. भिंगरी गप्प. सगळ्यात मोठं घराचं चित्र दाखवलं तरी गप्पच. मग ती बापाकडे वळून कुजबुजली, "बाबा, हा तक्ता आपला नाहीये."



"डावा डोळा आळशी झालाय," बाई म्हणाल्या. "त्याचा नंबर मोठा आहे, त्यामुळे मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलंय. चार-पाच वर्षांची असताना आणायला हवं होतं. आता आठवं संपत आलंय. चष्मा देऊ, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावू. किती सुधारेल, आज नाही सांगता येणार." मग सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दुकान आहे," एवढंच कसंबसं तोंडून निघालं. कसलं ते सांगायला जीभ रेटेना.

घरी बायको एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने स्वतःच्या हाताने लेकीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली आणि तिच्यासमोर बसला.

"या डोळ्याने दिसत नाही, हे सांगितलं का नाहीस गं मला?"

"मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं. एका डोळ्याने बघायचं, दुसरा नुसता असतो. आणि तू कुठे विचारलंस? तू नुसतं 'म्हणून दाखव' म्हणायचास."

रोज परक्यांच्या मुलांना "दिसतंय का रे बाळा?" म्हणून विचारणाऱ्या माणसाने घरच्या पोरीला तेवढंही विचारलं नव्हतं.

"भिंगरे," तो म्हणाला, "मी दिसतोय का तुला?"

"शर्ट दिसतोय."

तो पुढे सरकला. "आता?"

"अजून जवळ ये."

तो आणखी सरकला. तिचा श्वास त्याच्या गालाला लागू लागला.

"अजून, बाबा," भिंगरी म्हणाली.