रिबन बांधलेलं मशीन

मशीनवरची धूळ पुसताना ब्रदरांना रोज सकाळी एकदा तरी वाटायचं, की ही लाल रिबन सरळ दातांनी तोडावी आणि होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. मग ते फडकं झटकायचे, रिबनीची गाठ जरा सारखी करायचे आणि वर्गाची घंटा द्यायला जायचे. गेले चार महिने हा कार्यक्रम बिनचूक चालू होता.

ब्रदर ज्या ख्रिस्ती धर्मसंघाचे, त्या संघाचं काम एका वाक्यात सांगता येतं: ज्या पोरांना कोणी शिकवत नाही त्यांना शिकवायचं, आणि पोट भरेल असं काहीतरी शिकवायचं. त्या घरात पाच फादर होते आणि हे एकटे ब्रदर. म्हणजे शपथा त्याच, गरिबीच्या, ब्रह्मचर्याच्या, आज्ञापालनाच्या. फक्त मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायचा अधिकार नाही. लोकांच्या हे काही केल्या डोक्यात शिरायचं नाही. "ब्रदर, तुम्ही फादर कधी होणार?" असं त्यांना एकतीस वर्षं विचारलं जात होतं, जणू हे दर वर्षी परीक्षेला बसतात आणि नापास होतात. त्यांची आई तर जाईपर्यंत विचारत होती. ब्रदरांना फादर व्हायचंच नव्हतं. त्यांना लेथ आवडायचा. दांडा फिरायला लागला, हत्यार टेकलं आणि लोखंडाचा निळसर कीस वळत वळत खाली पडायला लागला, की त्यांना प्रार्थनेत बसल्यासारखं वाटायचं. प्रार्थनेत बसल्यावर लेथ आठवायचा, ती गोष्ट वेगळी.

वर्कशॉपमधले चारही लेथ मात्र ब्रदरांच्याच वयाचे होते आणि त्यांच्यासारखेच कुरकुरायचे. बाहेरच्या कारखान्यांत आता सगळं काम कॉम्प्युटरवाल्या मशीनवर. अशात बिस्किटांच्या एका मोठ्या कारखान्याच्या मालकांनी तसलं एक नवंकोरं मशीन संस्थेला भेट दिलं. ब्रदरांना तीन रात्री झोप आली नाही आनंदाने. पण भेटीला शेपूट होतं. उद्घाटन हे मालकसाहेब स्वतः करणार, रिबन कापणार, पहिला भागही मशीनवर स्वतःच्या हाताने काढणार आणि त्याचा फोटो निघणार. तोवर कोणी हात लावायचा नाही. मशीनवर प्लास्टिकचं आवरण चढलं, ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी वरून रिबन आवळली आणि किल्ली रेक्टर फादरांच्या ड्रॉवरमध्ये गेली.

रेक्टर म्हणजे त्या घराचे प्रमुख. माणूस नवा, वर्षभरापूर्वी आलेला, ब्रदरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. स्वभावाने लोण्यासारखा, पण डोक्यात एका वेळी चाळीस कामं. ब्रदरांनी त्यांना गाठून विचारलं, "फादर, साहेब येईपर्यंत पोरांचा हात बसवून घेऊ का? मी लक्ष ठेवतो."

रेक्टर एका हाताने फोन धरून छप्परवाल्याशी बोलत होते. "थांबू या ना जरा, ब्रदर. साहेबांचा मान राहू दे. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

आठवडा झाला. साहेबांचा गुडघा दुखावला. गुडघा बरा झाला तर साहेब परदेशी गेले. परत आले तर मुलीचं बाळंतपण निघालं. मग त्यांच्या सेक्रेटरीने कारणं द्यायचंच बंद केलं, नुसतं "साहेब मीटिंगमध्ये आहेत." बाळंतपणाइतकी लांब मीटिंग ब्रदरांनी जन्मात ऐकली नव्हती. पोरं त्या झाकलेल्या मशीनला 'नवरी' म्हणायला लागली. "ब्रदर, नवरी अजून रुसलेलीच का?" असं विचारून फिदीफिदी हसायची. ब्रदर हसायचे नाहीत.

आणि मग पत्र आलं. मोटारींचे भाग बनवणाऱ्या, गावाबाहेरच्या एका कंपनीत वर्षातून एकदा भरती व्हायची. यंदा संस्थेतल्या शेवटच्या वर्षाच्या सहा जणांना परीक्षेला बोलावलं होतं. लेखी, मोजमाप, जुना लेथ, आणि शेवटी कॉम्प्युटरवाल्या मशीनवर वीस मिनिटांत एक भाग. अट एकच: वय एकवीसच्या आत.

सहांपैकी पाच मुलगे सतरा-अठराचे. त्यांचं काही अडत नव्हतं, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. सहावी होती मोजपट्टी. हे नाव तिला पोरांनीच पाडलं होतं, कारण ती दांड्याकडे नुसतं बघून जाडी सांगायची आणि कॅलिपर लावला की तेवढीच निघायची. ती उशिरा शिकायला आली होती. आधी चार वर्षं आईबरोबर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करत होती आणि अजूनही दुपारी दोनची पाळी तिथेच करायची. तिला एकवीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे ही एकच संधी. लागली तर लागली, नाहीतर जन्मभर इस्त्री.

"ब्रदर, आता तरी देतील ना किल्ली?" तिने विचारलं.

"देतील. देतील ना," ब्रदर म्हणाले आणि तिथेच फसले.

कारण ते एकदा विचारून बसले होते. आणि दुसऱ्यांदा विचारायचं त्यांना येत नव्हतं. हे ऐकून कोणी हसेल, पण ब्रदर ज्या घरात घडले तिथे हे हसण्यावारी नव्हतं. नव्यांना घडवणारे त्यांचे गुरू म्हणजे एक कडक म्हातारे फादर. ते शिकवायचे: वरिष्ठांकडे एखादी गोष्ट एकदाच मागायची. पहिल्यांदा मागितली तर ती गरज, पुन्हा मागितली तर तो हट्ट, आणि हट्टी माणसाने आज्ञापालनाची शपथ घेऊ नये. शिकाऊपणाच्या त्या वर्षी थंडीत ब्रदरांनी एक जास्तीचं पांघरूण मागितलं होतं. म्हातारे विसरले. ब्रदरांनी अख्खी थंडी कुडकुडत काढली, पण पुन्हा तोंड उघडलं नाही. ही गोष्ट ते आजही अभिमानाने सांगायचे. ऐकणारे गप्प बसायचे, आणि ब्रदरांना वाटायचं की ते भारावून गेले आहेत.

तर विचारणं बाद. मग ब्रदरांनी सुचवायला सुरुवात केली. कंपनीचं पत्र जेवणाच्या टेबलावर रेक्टरांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं. रेक्टरांनी न बघता त्यावर चहाचं गरम भांडं टेकवलं. सकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने आपापली विनंती म्हणायची पद्धत होती. ब्रदर मोठ्याने म्हणाले, "ज्यांच्या हाताला कामाची साधनं मिळत नाहीत, त्या तरुणांसाठी आपण प्रार्थना करू या." "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळ्यांत मोठा आवाज रेक्टरांचा. डोळे मिटून, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी ब्रदरांनी "बंद ड्रॉवर" असा शब्दसुद्धा घातला. रेक्टरांनी त्यालाही मनापासून साथ दिली. ब्रदरांच्या मस्तकात तिडीक गेली. अरे, माणूस आहेस की दगड? वर देवाला सांगतोस ऐक म्हणून, तू कधी ऐकणार?

एका दुपारी ते रेक्टरांच्या दारापर्यंत गेलेही होते. दार उघडंच होतं. रेक्टर छप्पराच्या कागदांत बुडालेले. "काय ब्रदर?" त्यांनी मान वर न करता विचारलं. ब्रदरांनी दाराची कडी उगाच हलवून बघितली. "काही नाही, सहज," म्हणाले आणि परत फिरले. जिन्यात उभं राहून त्यांनी रेक्टरांना मनातल्या मनात जे काही ऐकवलं, त्याची पापकबुली पुढच्या शनिवारी चर्चमध्ये द्यावी लागली.

शेवटी त्यांनी एक मोठा पुठ्ठा आणला. मशीनबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात बघून त्यावर पॅनेल हुबेहूब काढलं, एकेक बटण, एकेक दिवा. पंधरा दिवस सहाही जणांनी त्या पुठ्ठ्यावर बोटं दाबली. मोजपट्टी तर रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि पुठ्ठ्यापुढे उभी राहून तोंडाने मशीनचा आवाज काढत अख्खा भाग पार पाडायची. पाच पावलांवर प्लास्टिकखाली खरं मशीन उभं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग ब्रदरांकडे बघितलं, आणि पुन्हा पुठ्ठा दाबायला लागली. ब्रदरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षेच्या दिवशी ब्रदर कंपनीच्या काचेच्या भिंतीबाहेर उभे होते. लेखीत मोजपट्टी पहिली. मोजमापात पहिली, परीक्षकाने तिचा कागद दुसऱ्या परीक्षकाला नेऊन दाखवला. जुन्या लेथवर तर तिने अशी काही सफाई दाखवली की ब्रदर काचेबाहेर एकटेच टाळ्या वाजवून बसले. मग ती मोठ्या मशीनपुढे गेली. तिने बटण दाबलं. मशीनने एक कर्कश आवाज केला आणि लाल दिवा लागला.

पुठ्ठा कधी ओरडला नव्हता. ती मागे सरकली. तिने पुन्हा तेच बटण दाबलं, पुन्हा तोच आवाज. तिने काचेतून ब्रदरांकडे बघितलं. ब्रदरांना माहीत होतं काय झालंय: मशीन नुकतंच सुरू केलं की त्याचं हत्यार आधी मूळ जागेवर न्यावं लागतं, तोवर ते कोणाचंच ऐकत नाही. दोन बटणांचं काम. पुठ्ठ्याला मूळ जागा नव्हती, म्हणून ते शिकवायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं. ते काचेवर हात आपटत ओरडले, पण आत आवाज जात नव्हता. पहारेकऱ्याने दंडाला धरून त्यांना बाजूला केलं. वीस मिनिटं संपेपर्यंत ती त्या लाल दिव्यापुढे उभी होती.

सहाही जण त्याच लाल दिव्यापाशी नापास झाले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला रेक्टर उत्साहात आले. "आनंदाची बातमी! साहेब पुढच्या बुधवारी नक्की येतायत. ब्रदर, मशीन जरा चकाचक करून ठेवा हं."

ब्रदरांनी हातातला कप टेबलावर आपटला. चहा पाच फादरांच्या ताटांपर्यंत गेला. "चकाचकच आहे!" ते ओरडले. "चार महिने रोज पुसतोय मी! आता कशाला येतायत? माझी पोरं काल नापास झाली. ती मुलगी, जिने नुसत्या डोळ्याने मापं सांगितली, ती दोन बटणांसाठी नापास झाली. आता तिचं वय जाणार. आणि किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये! साहेबांचा मान राहिला ना? मग झालं तर!"

 एकतीस वर्षांत ब्रदरांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. रेक्टरांनी हातातला पाव खाली ठेवला.

"काल परीक्षा होती?" त्यांनी विचारलं. "कसली? मला कोणी बोललं नाही."

"पत्र तुमच्या ताटाशी ठेवलं होतं! प्रार्थनेत रोज म्हणत होतो!"

"ते... ते तुम्ही मला म्हणत होता?" रेक्टर उठलेच. तसेच ऑफिसात गेले आणि किल्ली घेऊन परत आले. "अहो ब्रदर, ही घ्यायची ना. त्याच दिवशी दिली असती. साहेबांचं काय एवढं? रिबन सोडायची, पोरांना शिकवायचं, परत बांधायची. त्यांना काय कळणार होतं?"

"तुम्ही थांबा म्हणाला होता."

"मग पुन्हा विचारायचं! मी छप्पराच्या गडबडीत काय बोललो तेसुद्धा मला आठवत नाही."

"एकदाच विचारायचं असतं," ब्रदर म्हणाले. मोठ्याने म्हटल्यावर ते त्यांनाच विचित्र वाटलं.

"हे कुठे लिहिलंय?" रेक्टरांनी अगदी खरंच विचारलं. "आपल्या नियमांच्या पुस्तकात तर नाही. मी संघाच्या प्रांतप्रमुखांकडे एकेक गोष्ट पाच-पाच वेळा मागतो, ब्रदर. नाहीतर मिळतं का काही?"

ब्रदरांनी किल्ली उचलली. चार महिने ज्या माणसावर त्यांनी दात-ओठ खाल्ले, तो समोर डोळ्यांत पाणी आणून उभा होता, आणि त्याच्यावर रागवायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं. सगळा राग उलटा फिरून त्यांच्यावरच आला. गुरूंना दोष द्यावा तर ते कधीच वारले होते. आपण शहाणपणाने नव्हे, भित्रेपणाने गप्प बसलो, आणि त्याला आज्ञापालन म्हणत राहिलो, हे त्यांना त्या टेबलापाशी लख्ख कळलं.

वर्कशॉपमध्ये पाचही मुलगे येऊन बसले होते. मोजपट्टीही आली होती, संस्थेचा ॲप्रन आणि चष्मा परत करायला. ब्रदरांनी कात्रीने रिबन कापली, आवरण ओढून काढलं, मशीन सुरू केलं. लाल दिवा लागला आणि तोच कर्कश आवाज झाला.

"ये," ते मोजपट्टीला म्हणाले. त्यांनी दोन बटणं दाखवली. तिने ती दाबली. हत्यार सरकत मूळ जागेवर गेलं, दिवा हिरवा झाला. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. अकरा मिनिटांत भाग तयार होऊन खाली पडला. एका मुलाने मायक्रोमीटर लावून बघितलं आणि मान डोलावली. माप केसाइतकंही चुकलं नव्हतं.

तिने तो भाग हातात घेऊन थोडा वेळ फिरवून बघितला.

"एवढंच होतं होय, ब्रदर?" ती म्हणाली.

त्या आवाजात राग नव्हता. असता तर ब्रदरांनी तो आनंदाने झेलला असता. "मला पुन्हा विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मी विचारलं नाही. चूक माझी आहे, पोरी. रेक्टरांची नाही, तुझी तर नाहीच."

 तिला ते नीटसं समजलं नसावं. ज्या घरात दोन वेळचं जेवणही मागून मागून मिळवावं लागतं, तिथल्या मुलीला न विचारणं म्हणजे काय हे कसं समजणार? तिने भाग टेबलावर ठेवला, चष्मा त्याच्या शेजारी ठेवला, ॲप्रन काढून चार घड्या घातल्या. इस्त्री केल्यासारख्या, काठाला काठ लावून. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "येते मी. दोनची पाळी आहे."