रिकामी वाटी

"बटणाची वाटी भरली का?"

"भरली!"

त्या घरात हॅमस्टरची काळजी एवढ्या दोन वाक्यांत उरकायची. लेकीच्या वाढदिवशी हौसेनं आणलेलं ते उंदरासारखं मूठभर जनावर. काळेभोर डोळे पाहून तिनंच त्याला बटण म्हणायला सुरुवात केली. आधी सगळं घर पिंजऱ्याभोवती असायचं. मग नवलाई ओसरली आणि पिंजरा दिवाणखान्यातून कपडे धुवायच्या मशीनशेजारी गेला. येता-जाता कुणीतरी दाणे टाकायचं, सकाळी वाटी चाटूनपुसून रिकामी!

"पठ्ठ्याची भूक बघा!" बाबा कौतुकानं म्हणायचे.

एका रविवारी पिंजरा धुवायला म्हणून आईनं बटणाला उचललं. हातात नुसती लोकर आणि हाडांच्या काड्या. घरट्यातला कापूस उचकटला, तर खाली दाण्यांची रास. सगळे दाणे अख्खे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बोटाच्या टोकानं त्याचा ओठ वर केला. पुढचे दात वाढून, वळून टाळूत रुतले होते.

"यांचे दात जन्मभर वाढतात. कुरतडून झिजावे लागतात, ते झिजले नाहीत. गालात भरून दाणे न्यायचं बिचारं, पण चावता येत नव्हतं. उपाशी होतं हो हे."

"पण वाटी रोज रिकामी असायची!"

"वाटी बघत होतात. त्याच्याकडे कोण बघत होतं?"

आई स्वतः दातांच्या दवाखान्यात कामाला. दिवसभर लोकांच्या दुखऱ्या दाढांना वेळा देणारी!

डॉक्टरीणबाईंनी दात कापले, ड्रॉपरनं पातळ खाणं भरवायला सांगितलं. घरी बाबा हळूच म्हणाले, "कशाला एवढा आटापिटा? अगदी असंच दुसरं आणू. पोरीला पत्ताही लागणार नाही."

आतल्या खोलीतून आजीचा, म्हणजे आईच्या सासूबाईंचा आवाज आला, "माझ्यासारखी दुसरी मिळते का, तेही विचारून ये दुकानात."

"तुझं काहीतरीच, आई! एका उंदरासाठी एवढं?"

"उंदीर तर उंदीर. मला घरी न्या म्हणून ते आलं होतं का तुझ्याकडे? हौस तुमची, मग निस्तरा तुम्हीच. सेल संपले की फेकायला खेळणं आहे का ते?"

आई ड्रॉपर घेऊन बसली. थेंबभर आत जाई, बाकीचं हनुवटीवरून ओघळे. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहातावरच बटण थंड पडलं.

लेक रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी रोज वाटी भरत होते, आई."

त्या संध्याकाळी सासूबाईंचं ताट नेहमीसारखं त्यांच्या खोलीत गेलं. गुडघ्यांमुळे त्या तिथंच जेवत. एरवी सून स्वयंपाकघरातूनच विचारी, "जेवलात ना?" आतून उत्तर येई, "जेवले!" आणि ताट रिकामं परत येई.

आज ती ताटापाशीच बसली.

"काय गं, पहारा बसवलास?"

"बसते जरा."

सासूबाईंनी घास घेतला. या गालातून त्या गालात फिरवला. शेवटी डोळे मिटून हातरुमालात काढून ठेवला. रुमालात आधीचेही घास होते.

"कधीपासून, आई?"

"दाढ ठणकते गं. ताट रिकामं गेलं की कुणी विचारत नाही, म्हणून सकाळी पाखरांना टाकते."

"अहो, मी दातांच्या दवाखान्यात बसते!"

"म्हणूनच तर. दिवसभर तीच रडगाणी ऐकून येतेस. घरी आणखी माझं कशाला?"

सुनेनं ताटातलं सगळं मऊ कुस्करलं आणि चमचा पुढे केला.

वाचकहो, आपल्याही घरात कुणाची तरी वाटी रोज रिकामी होत असेल. तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. पोट भरलं की नाही, हे भांडं सांगत नाही. त्यासाठी शेजारी बसावं लागतं. बटणाशेजारी वेळेवर कुणीच बसलं नाही.