फुंकरमामांचा समोरचा दात

मी एक जुना दात आहे. वरच्या रांगेतला, अगदी समोरचा. ओठ उघडले की आधी मी दिसतो, त्यामुळे स्वभावाने थोडा मिजासखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांच्या तोंडात माझे सारे आयुष्य गेले, ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. सगळे त्यांना फुंकरमामा म्हणतात.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की दात उगवतो त्या दिवशी जन्मतो. तसे नाही. फुंकरमामा रांगत होते, तेव्हाच मी हिरडीच्या आत अंधारात घडत होतो. आईने त्यांना पाजलेले दूध, भरवलेली डाळ, अंडे, भाजी यांतून माझे अंग टणक झाले. पुढे दुधाचा दात पडून मी बाहेर डोकावलो तेव्हा ती माउली हसून म्हणाली, "अगंबाई, हा दात आहे की फावडं?" मला राग आला नाही. फावडे तर फावडे, पण गाजर आणि पेरू मी कडाकड तोडत असे.

मग त्यांच्या हाती क्लॅरिनेट आले आणि माझे भाग्य उजळले. या काळ्या नळीचे टोक खालच्या ओठावर टेकते आणि वरून आम्ही समोरचे दोन दात ते धरून ठेवतो. दात पक्का असला तर सूर पक्का लागतो. रविवारी बागेतल्या चौथऱ्यावर बँड वाजे. फुंकरमामा एकटे वाजवायला उभे राहिले की फुग्यासाठी हट्ट करणारी मुलेसुद्धा गप्प होत. टाळ्या त्यांना मिळत, पण मला छाती असती तर तीही फुगली असती.

या बँडवाल्यांची एक सवय होती. आपली पाळी येईपर्यंत तोंड कोरडे पडू नये म्हणून ते गालात लिंबाची गोळी धरत. ढोलवाल्याच्या खिशातला गोळ्यांचा डबा सगळ्यांत फिरे. घरी मामी होत्या तोवर हे खपून गेले. त्या ताटात पालेभाजी, दही, फळ वाढत आणि झोपण्यापूर्वी मामांना दात घासायला पिटाळत.

मामी गेल्या आणि घरातली चूलच थंड पडली. फुंकरमामा गोड चहात बिस्किटे बुडवून खाऊ लागले, नाहीतर पाव आणि मुरंबा. गोळी आता घरीही गालातच असे. हळूहळू माझ्या भोवतीची हिरडी सुजली. एके सकाळी ब्रशवर रक्त दिसले. मामा घाबरले. "दमलेत बिचारे," असे म्हणून त्यांनी आम्हाला घासणे सोडले आणि कधीमधी खात ते सफरचंदही बंद केले. मित्रांनो, मला तसला आराम नको होता! पण सांगणार कसे?

मी हलू लागलो. तालमीत सूर किंचाळला. बँडमास्तर हळूच म्हणाले, "मामा, काही दिवस घरी बसा. जमलं तर या, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." घरी येऊन मामांनी क्लॅरिनेट कपाटावर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला फार वाईट वाटले.

शेवटी त्यांची लेक त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"गोड किती खाता?" बाईंनी विचारले.

"छे छे! गोडाला मी शिवतसुद्धा नाही," मामा म्हणाले आणि गालातली गोळी माझ्यावर टक्कन आपटली.

"मग हे काय वाजलं?"

"ही होय? ही आमच्या कामातली गोळी. ही गोडात कुठे धरायची?"

लेकीने कपाळाला हात लावला. बाई मात्र हसल्या नाहीत. "काका, ही चघळताय तोवर तोंडातले जंतू तिच्यावर मेजवानी करतात आणि त्यांचं आम्ल दातांना पोखरतं. तोंड कोरडं पडलं तर पाणी प्या. हिरड्या मी साफ करून देते. रोज घासायचं आणि धड जेवायचं. नुसतं एक करून भागणार नाही."

माझा डावा शेजारी, समोरचा दुसरा दात, वाचला नाही; बाईंना तो काढावाच लागला. आम्ही एकत्र वाढलो होतो. ती मोकळी जागा मला आजही खुपते.

लेक रोज कामावरून येऊन स्वयंपाक करू लागली. ताट पाहून मामा कुरकुरले, "मी काय ससा आहे का, एवढा पाला खायला?"

"सशाचे दात बघा आणि मग बोला, बाबा."

मामांनी ताट पुढे ओढले. दूध, डाळी, शेंगदाणे, संत्री पुन्हा घरात आली. हिरडीची सूज उतरली. मी पूर्वीइतका नाही, पण बऱ्यापैकी घट्ट झालो.

एका रविवारी मामा चौथऱ्यावर उभे राहिले. ढोलवाल्याने डबा पुढे केला. त्यांनी मान हलवून पाण्याचा घोट घेतला आणि क्लॅरिनेट ओठांशी नेले. आता सगळा भार माझ्या एकट्यावर होता. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो आणि सूर लागला, स्वच्छ आणि लांब. समोर बसलेली लेक डोळे पुसत होती.

मित्रांनो, मामांना सूर आहे, ढोलाला आवाज आहे. आम्हा दातांना काहीच नाही. हिरडीतून येणारे रक्त हीच आमची हाक असते. मामांनी ती ऐकली आणि आमच्यापासून लांब पळाले. तुम्ही तसे करू नका. हाक ऐकू आली तर जवळ या.