पाटी न सोडणारा

"सदर चारही इसम भरतीच्या पाण्यात बुडून मयत झाले, घातपाताचा संशय नाही," असा सरकारी खुलासा १९३१च्या फाल्गुनात निघाला. तो लिहिणाऱ्यांनी धरमतरच्या खाडीकाठचे आमचे मिठागर पाहिले नसावे. तिथल्या वाफ्यांत पाणी घोट्याएवढे असते. शिवाय ही भरती मोठी विवेकी म्हणायची. तिने बाजाराला निघालेल्या चौघांनाही बांधावर कोरडे निजवले, आणि प्रत्येकाच्या कपाळावर एकेक घाव ठेवला. मिठागराचा व्यवस्थापक हरेश्वर याची साक्ष मात्र भरतीच्या बाजूने होती. त्या आधारावर बांधावरची बाजाराची वाट सोमवारी पुन्हा खुली होणार होती.

"भरती माणूस बघून येते व्हय, साहेब?" मासळी विकणाऱ्या केसरने फौजदार बदरुद्दीनला विचारले. "सोमवारी मला जायलाच हवं. पोरं काय वारा खातील?"

बदरुद्दीन हवालदार दयारामला घेऊन बांधावर गेला.

"मारणारा खुळा दिसतो," दयाराम म्हणाला. "वाफ्यात उतरता तर लगेच तिवरांच्या झाडीत दडला असता. हा बांधाबांधानंच गेला. चिखलात एक पाऊल न्हाय."

"खुळा नाही. खेळतोय."

लहानपणी भात कापून झाले की मिठागराशेजारच्या शिवारात आम्ही, बदरुद्दीन आणि हरेश्वरही, आट्यापाट्या खेळत असू. आखलेल्या रेघा म्हणजे पाट्या. पाटीवाल्याने आपली रेघ न सोडता समोरच्याला अडवायचे; समोरच्याने मधल्या चौकांतून निसटायचे, पण मैदानाच्या कडेबाहेर गेला की तो बाद. ओल्या मातीचा तो वास, शेजारच्या कुलसुमखालाने वाटलेले गूळखोबरे, हरल्यावरची भांडणे आणि पुन्हा एकाच माठातले पाणी. हरेश्वरासारखा पाटीवाला दुसरा नव्हता. ज्या खेळाने आम्हांला माणसांत आणले, त्याचे नियम त्याने माणसे मारताना पाळले.

बदरुद्दीनने त्याला निरोप धाडला: सोमवारी सकाळी डावाला येतो.

केसर टोपली घेऊन बांधाच्या तोंडाशी थांबली होती. बदरुद्दीन साध्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी पुढे निघाला. समोरून हरेश्वर आला. हातात कोयता होता.

"बदरू, किती वर्षांनी."

"अडव की."

कोयता उचलला गेला आणि बदरुद्दीन बांधाबाहेर, खाडीकडच्या चिखलात उतरला. हरेश्वर कडेशी वाकला, हात लांबवला, तोल सावरला. पण पाऊल खाली टाकले नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार होती. तिवरांतून बाहेर पडलेल्या दयारामने मागून त्याचे मनगट धरले, तेव्हाही तो बांधावरच होता.

केसर त्यांच्याकडे न बघता बाजाराला गेली.

हरेश्वरने कोर्टात दिलेला जबाब शब्दशः असा: "चौघांनाही मी मारलं. पळून जायला जागा ठेवली होती. एकालाही आतल्या वाफ्यात उतरायचं सुचलं नाही, त्याला मी काय करू? मी एकदाही पाटी सोडली नाही. बदरू बाद आहे, तो खाडीकडं उतरला. तो लहानपणीही असाच रेघेबाहेर जायचा."