वरचे दोन दात

“दुखलं?” डॉक्टर धनश्रीनं हिरडीवर बोट दाबून विचारलं.

“नाही.”

“दुखायला पाहिजे होतं, भगवंतराव.”

समोरच्या वरच्या दोन दातांवरची हिरडी पांढरी पडली होती. भगवंतराव पांढुर्ण्याच्या एका बँडमध्ये पस्तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते, आणि वाद्य टेकायचं ते याच दोन दातांवर. महिन्यापूर्वी धनश्रीनं हिरडी उघडून मुळं साफ केली होती, टाके घातले होते. बारीक रक्तवाहिन्या पुन्हा जुळल्या तरच हिरडी मुळाला धरेल, म्हणून दीड महिना फुंकायचं नाही, असं दोनदा बजावलं होतं.

“इथं रक्तच पोचून नाही राहिलं. खरं सांगा, वाजवलं ना?”

भगवंतराव छताकडे पाहत राहिले. “आठव्या दिवशी. लोधीखेड्याले. एकच गाणं.”

“काहून पण?”

“आमच्या गौतमची पोरगी, डिंपल. गौतम आमच्या बँडात ढोल वाजवे, मागच्या साली गेला. पोरगी म्हणे, काका, मी सासरी जातानी तुमीच वाजवा. अर्ध्यात तोंड खारट झालं. थांबलो असतो त पोरीनं मागं वळून पाह्यलं असतं.”

धनश्रीनं हळूच हातमोजे काढले. “दोन्ही काढावे लागतील.”

“नवे बसवता येतीन?”

“येतील. जेवायला चालतील. पण हाड झिजलंय, फुंकायचा जोर नाही सोसणार.”

“बरं,” भगवंतराव म्हणाले आणि खुर्चीवरून उतरायला त्यांना जरा वेळ लागला.

घरी त्यांच्या बायकोनं, वंदनाबाईंनी, भात कुस्करून पुढे ठेवला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “डिंपलले सांगू नोका.”

“तिले कायले सांगू?”

दोन महिन्यांनी सौसरला वरात होती. भगवंतराव इस्त्रीचा लाल कोट घालून सगळ्यांच्या आधी हजर होते. क्लॅरिनेट छिंदवाड्याहून आलेल्या नव्या माणसाकडे होतं. भगवंतराव शेवटच्या रांगेत गेले, झांजा हातात घेतल्या.

“काका, आज मागं?” वरातीतल्या कुणीतरी विचारलं.

त्यांनी झांजांच्या दोऱ्या बोटांभोवती घट्ट गुंडाळल्या.

चौकात नवा माणूस उंच सुरावर अडखळला. भगवंतरावांचे ओठ नकळत आवळले गेले. हातातला ताल मात्र चुकला नाही.