खंड्याचं स्थळ

उन्हाळ्यात वेदगंगेवरच्या बंधाऱ्याला पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे, घातलेले असतात, त्यामुळे पाणी नुसतं तुंबून उभं राहतं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबवर पडलं की माणूस कुठेच जात नाही, आणि रविवारी माणसाला तेवढंच हवं असतं. निपाणीजवळचं हे गाव महादेवच्या मामाचं, ट्यूबाही मामाच्याच. एकीवर महादेव आणि त्याची कुत्री ठमी, दुसरीवर खासबागची रचना, तिसरीवर कंग्राळीचा सूरज आणि त्याचा तांबडा कुत्रा खंड्या. तिघंही बेळगावात एकाच ऑफिसात.

सहल सूरजनं काढली होती. ज्यानं कधी कुणाला आपणहून चहा पाजला नाही, त्यानं डबाभर मटण आणलं, तेव्हाच रचनानं काय ते ओळखलं.

सूरजचं लग्न तोंडावर आलं होतं. स्वरूपा वडगावच्या विणकराची एकुलती एक, म्हणून राहायचं सासऱ्याकडे. वर घर, खाली माग. मध्ये एकदा सूरज खंड्याला घेऊन तिकडे गेला, तर कुत्रा मागाच्या ताण्यावर, ताणून ठेवलेल्या उभ्या धाग्यांवर, मनसोक्त लोळला आणि नव्या साडीत तांबडे केस विणले गेले. सासऱ्यानं जावई पसंत ठेवला, कुत्रा नाही. कंग्राळीत वहिनीनं आधीच हात जोडलेले. उरलं बेळगुंदीचं महादेवचं शेत.

"रातच्याला भुंकतोय काय रं?" महादेवनं विचारलं.

"लागंल तेवढंच."

"खायाला?"

"भाकरी घाल, भात घाल. नाव ठेवत न्हाय."

"वय?"

"तीन."

"गेल्या वर्षीबी तीनच होतं की रं," रचना म्हणाली. "स्थळ बघायला लागलास म्हणून वय थांबलं व्हय?"

सूरजनं ऐकलंच नाही. डबा महादेवकडे सरकवत म्हणाला, "धर जरा, हितं भिजतोय." डब्यामागोमाग खंड्यानं पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन महादेवच्या मांडीवर चढला.

"बघ, जीव लागला त्याचा तुझ्यावर."

"मटणावर," रचना म्हणाली. "संपव रं महादेव, मग बघू."

महादेवनं उरलेलं दोन्ही कुत्र्यांना वाटून टाकलं आणि डबा नदीत विसळला. आता खंड्या परत फिरणार म्हणून सूरजनं पाय आखडून जागा केली. खंड्यानं ठमीच्या पाठीवर मान टाकली आणि डोळे मिटले.

"ऱ्हाऊ दे," महादेव म्हणाला. "ठमीला सोबत झाली. न्हेतो मी."

सूरजचं काम झालं होतं. तरी थोड्या वेळानं त्यानं हळूच हाक मारली, "खंड्या."

शेपटी रबरावर आपटली.

"ये रं. ये की हिकडं."

खंड्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"आता कशाला बोलावतोस?" महादेव म्हणाला. "दिलास न्हवं मला?"

"दिला की."

रचनानं हातानं पाणी मारत आपली ट्यूब झाडाच्या सावलीत नेली.

"फटाक्याला लई भितोय त्यो," सूरज म्हणाला. "दिवाळीत घरात घ्यायचं, आणि कुणीतरी जवळ बसाय पाहिजे."

"बसतो की मी."

"तुला न्हाय जमायचं. मी येतो."

"पहिला दिवाळसण सोडून?" सावलीतून रचना म्हणाली. "सासरा काय म्हणंल?"

"तासभर तर येतो," सूरज म्हणाला.